पहिल्या बाकावरची आजी

उज्वलाला ते चर्च कधी देवाचं घर वाटलंच नाही. सीबीएस बसस्टँडच्या गर्दीकडे पाठ करून उभं, उपड्या ठेवलेल्या सुपासारखं काँक्रीटचं छत, ना कौलं ना मनोरा. भिंतींत बोटभर रुंदीच्या फटी आणि त्यांत रंगीत काचा. भर दुपारी आत शिरलं तरी चाचपडावं लागायचं. पण मखमलाबादच्या तिच्या मळ्यातला निशिगंध तिथे बरा खपायचा, आणि फुलवाल्यांना सगळे देव सारखेच.

त्या दिवशी फोनवर एवढंच सांगितलं होतं: पांढरी फुलं, बाराच्या आत. लग्न असणार, असं तिने धरूनच टाकलं. जाताजाता बालवाडीतून लेकीला, भाग्यश्रीला, घेतलं. पोर आठवड्यापूर्वीच न्यूमोनियातून उठली होती. तिला नजरेआड करायला उज्वलाचा जीव धजत नव्हता.

आत चिटपाखरू नव्हतं. मेणबत्त्यांच्या वासाने पोरीला खोकला नको, म्हणून उज्वलाने तिला दाराशीच उभं केलं. पुढे लेसच्या कापडाखाली एक लांबट टेबल होतं. त्यावर तिने फुलं रचली. पाऊल टाकलं की आवाज छतापर्यंत जायचा आणि जरा उशिराच खाली यायचा.

निघताना भाग्यश्री दारातून वळली आणि सवयीने म्हणाली, “येते हं, आजी.”

“कोणती आजी गं?”

“ती काय, पहिल्या बाकावर.”

बाक रिकामा होता. मग छतातून आवाज उतरला. हळू, सावकाश. पोरीचा नव्हता तो.

“लवकर ये...”

उज्वलाने पोरीला ओढतच फाटक गाठलं. तिथे चौकीदार लखन खुर्ची टाकून बसला होता.

“लखनभाऊ, लग्न किती वाजता आहे?”

“लग्न कसलं, ताई? शाळेतल्या जुन्या बाई गेल्या. पेटी सकाळीच आणून ठेवलीय, लेस टाकून. दिसली नाही?”

मयताच्या घरून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं, मुकाट निघायचं, हे उज्वलाला आईने लहानपणीच शिकवलेलं. पोरीला कोण शिकवणार? ती ‘येते’ म्हणून बसली होती, आणि तिकडून बोलावणंही आलं होतं.

भाग्यश्रीला लखनजवळ बसवून ती एकटीच आत गेली. पेटीकडे बघवेना.

“बाई... लहान आहे हो ती. तिचा शब्द धरू नका...” तिने हात जोडले. “अगदीच कुणी यायला हवं असेल, तर... मी येते.”

मी येते... मी येते... छताने तेवढंच उचललं आणि मग शांत झालं. उत्तर आलं नाही. तिला इतकं हायसं वाटलं की रडूच फुटलं.

डोळे पुसताना तिची नजर पहिल्या बाकावर गेली. एसटीत जागा धरायला टाकतात तसा एक मोठा रुमाल तिथे पसरलेला होता. त्याला लागून दुसरा, लहानसा, कोपऱ्यावर पिवळं बदक असलेला. सकाळी तिनेच तो भाग्यश्रीच्या फ्रॉकला लावून दिला होता. त्याची सेफ्टी पिन अजून बंदच होती.