पिवळ्या घसरगुंडीचं पाणी

हेमांगी घसरगुंडीच्या मधोमध अडकून बसली होती... आणि हसावं की रडावं, तेच तिला कळेना.

सावद्याबाहेरचा तिच्या नानांचा वॉटर पार्क बंद पडून सहा वर्षं झाली होती. उद्या भंगारवाले येऊन सगळं कापून नेणार, म्हणून ती शेवटचं बघायला जळगावहून आली. नाना कडुलिंबाखाली खाट टाकून आडवे झाले, आणि हिला मोह आवरेना. पिवळ्या घसरगुंडीवर चढली, डोळे मिटून स्वतःला ढकललं... आणि जेमतेम अर्ध्यावर येऊन थांबली. मालकाची लेक, आणि कोरड्या घसरगुंडीवर कुणी घसरत नाही एवढंही विसरली!

"पाणी सोडू का, मॅडम?"

खाली ललित उभा होता. शेजारच्या केळीच्या मळ्यातला. हातात विळा, सदऱ्यावर काळपट डाग. तिच्या काळजाचा ठोका चुकला, आणि त्याचाच तिला राग आला.

पहिल्यांदा तो असाच आला होता. धुळ्याकडच्या नव्या रखवालदारानं 'मळके कपडे चालत नाहीत' म्हणून त्याला फाटकात अडवलं, तेव्हा तिकिटाच्या खिडकीतून ही ओरडली होती, "मळ नाही भाऊ, केळीचा चीक आहे तो! कितीही धुवा, जायचा नाही." केवढा लाजला होता! मग उन्हाळाभर येत राहिला. पाण्यात कमी, खिडकीशीच जास्त.

पार्क का बंद पडला, याच्या गावात दहा कहाण्या. कुणी म्हणे भूत आहे, कुणी म्हणे पोरगं बुडालं. खरं एवढंच, की त्या उन्हाळ्यात आजूबाजूचे बोअर आटले, नुकत्याच निसवून घड धरलेल्या केळी माना टाकू लागल्या, आणि ललित नानांकडे पाणी मागायला आला. नाना म्हणाले, "त्यायच्या केळी जळू रायल्या, अन् आपण लोकं डुंबवू रायलो? नाही जमत बुवा." पाइप मळ्याकडे वळला, तो वळलाच. त्या दिवसापासून हेमांगीनं ललितशी बोलणं टाकलं.

"तुझ्यामुळे बंद पडलं सगळं," ती वरूनच म्हणाली.

"हो. मी पाणी मागितलं... अन् तू गेली. काय करायला पाहिजे होतं वं मी?"

 तिचा राग केव्हाच ओसरला होता, नुसती अढी उरली होती.

"उद्या धुळ्याचे पाहुणे येऊ रायले म्हणे, तुले पाहायले?"

"हो."

"तुझ्या मनात हाये?"

"सहा वर्षांत विचारलंय कुणी माझ्या मनातलं?"

तो वळला, आणि बांधावरच्या व्हॉल्व्हकडे चालू लागला.

"अरे, काय करतोस? आत्ताच तर पंपाची लाईट आली! तुझ्या केळी—"

"पाण्याची एक पाळी उपाशी राहतील."

"आणि इकडचा पाइप?"

"तो मी कधी तोडलाच नाही."

भर उन्हाळ्यात केळीच्या तोंडचं पाणी काढणारा माणूस अख्ख्या सावद्यात सापडला नसता. हेमांगीचे डोळे भरून आले. वर कुठंतरी गुडगुड झाली, आधी गढूळ, मग स्वच्छ, गार पाणी पाठीला भिडलं, आणि ती किंचाळत थेट खाली! धावत परतलेल्या ललितनं सावरायला हात पुढे केले, आणि दोघंही चिंब होऊन हौदात बसली.

"ए... तुझ्या सदऱ्याला घासली माझी ओढणी."

"पानं कापत होतो आत्ता. ताजा चीक हाये."

"पण कुठं दिसत नाही."

"आत्ता नाही दिसायचा. उद्या काळा पडेल..."

"पाहुणे येतील तेव्हा?"

"हं. मग नाही जायचा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग ओढणी पिळत कडुलिंबाकडे तोंड करून ओरडली, "नाना, धुळ्याला फोन लावा! येऊ नका म्हणावं!"

नाना खाटेवर उठून बसले. भिजलेल्या दोघांना त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं.

"लावतो," ते म्हणाले. "पण आधी ते पाणी वळवा रे... केळी वाट पाहू रायल्या!"