इब्र्याच्या पाटाचं दार

पहिल्याच भेटीत रुचिरने देविकाची कुबडी पळवली. आखातातल्या अल हैलच्या दवाखान्यात फुटबॉलमध्ये मोडलेला पाय प्लास्टरमध्ये घालून साहेब उठले ते स्वतःची एक आणि तिची एक अशा कुबड्या घेऊन. तिची आखूड, त्याची उंच. तिरपा होत लिफ्टपर्यंत पोचल्यावर मागून आवाज आला, "अहो, माझी लहानपणापासूनची सोबतीण आहे ती. परत द्या!"

"तरीच म्हटलं, जमीन अशी कलली का..."

"आणि भार हातांवर घ्या. बगलेत काय दाबताय? थर्मामीटर आहे का तो?"

तिथून चहा सुरू झाला, मग अहो-जाहो गळालं. अपघातानंतर कुबडीवर वाढलेल्या देविकाला आपल्याच वेगाने चालणारा माणूस पहिल्यांदा भेटला होता. प्लास्टर निघण्याची तारीख जवळ आली, तशी तिला धास्ती वाटू लागली.

तेवढ्यात तिथल्या मराठी मंडळाची सहल इब्र्याला, डोंगराकडच्या जुन्या गावी, गेली. सहलीची सूत्रं सांभाळणाऱ्या किशोरीमावशींनी दोघांना खजुरीखाली बसवलं. "तुम्ही इथेच बसा. डबे सांभाळा," असं बजावून त्या बाकीच्यांना घेऊन बुरूज बघायला गेल्या.

देविकाला भलतंच बघायचं होतं. डोंगरातून पाणी आणणारा जुना फलज, म्हणजे पाट. पाण्याची पाळी बदलताना त्याचं दगड-गोणपाटाचं दार उचलून पाणी दुसऱ्या बागेकडे वळवतात म्हणे. आजवरच्या सहलींत तिने फक्त डबे बघितले होते.

"मी चालले," ती उठली.

"मीही येतो... पण हळू हं."

"हळू? हे मला कोणी सांगावं!"

ते पोचले तेव्हा बागेचे म्हातारे मालक गोणपाट ओढतच होते. पाणी थबकलं, वळलं, खळखळत नव्या वाटेने निघालं. देविकाने टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा बघून रुचिरनेही वाजवल्या... आणि कुबड्या सुटून धपकन पाटात बसला. प्लास्टर तेवढं वर, आकाशाकडे. अरुंद पाटात तो असा गच्च बसला की पाणी अडून पुन्हा शेजाऱ्याच्या बागेकडे निघालं.

"यल्ला, यल्ला! चलो, उठो! मेरा पानी!" म्हातारबाबा ओरडले.

देविका हसत काठावर टेकली, पाय पाण्यात सोडले, त्याचा हात धरून ओढू लागली. तो हलेना. मग तिचं हसू मावळलं.

"प्लास्टर निघालं की तूही भराभर पुढे जाशील ना?"

"कुठे जाऊ? मला जिथे पोचायचंय तिथे तू आधीच बसली आहेस." त्याने तिचा हात घट्ट धरला. "देविका... मला तू आवडतेस. खूप."

"पाटात बसून सांगतोयस?"

"उभं राहून सांगितलं असतं तर पुन्हा पडलो असतो."

तिने हात सोडला नाही. म्हातारबाबांनी कपाळावर हात मारला, फावडं टेकवलं आणि तेही हसायला लागले.

इतक्यात बुरुजावरून किशोरीमावशींचा आवाज आला, "देविका! तुला एका जागी बसायला सांगितलं होतं ना?"

"बसलेय की, मावशी," ती ओरडून म्हणाली. "आता उठायची नाही!"