बंब्याने भरलेली टाकी

ज्योत निळी होती, सोल्डर (धातूचे तुकडे जोडणारा, कथलाचा मऊ मिश्रधातू) नवंकोरं होतं, हातही थरथरत नव्हता. मग सोल्डर वितळत का नव्हतं?

ऋजुलाने गॉगल कपाळावर सरकवून खिडकीबाहेर पाहिलं. गाडी अजून आली नव्हती, म्हणजे थोडा वेळ होता. ती गाडी आजोबांना अवकाशतळावर नेणार होती आणि तिथून ते दोन वर्षांसाठी चंद्रावर जाणार होते. आजोबा धातुशास्त्रज्ञ. तिथल्या वसाहतीत त्यांना पाण्याच्या टाक्या उभारायच्या होत्या. आणि इथे, दोघांनी वर्षभर खपून केलेलं वाफेचं छोटं इंजिन अजून एक फेरीही धावलं नव्हतं! त्याच्या पितळी टाकीचा सांधा गळत होता. फट केसाएवढी, पण हट्टी.

तिने ज्योत आणखी मोठी केली. सोल्डरची गोळी सांध्यावर ढिम्म बसून राहिली. नुसतं चर्र झालं आणि फटीतून पांढरा धूर निघाला.

आजोबा बॅग भरता भरता थांबले. सकाळपासून त्यांनी एकदाही ज्योत तिच्या हातातून घेतली नव्हती, याचाच तिला जास्त राग येत होता.

"धूर आहे तो?" त्यांनी विचारलं.

ऋजुलाने वाकून पाहिलं. वास नाही, काजळी नाही. "वाफ आहे, आजोबा. पण टाकी तर एव्हाना गळून रिकामी झाली असेल."

"नाही ताई," कोपऱ्यातून बंब्या म्हणाला. "मी भरतोय ना."

बंब्या हा घरचा यंत्रमानव. पणजोबा भुसावळला इंजिन ड्रायव्हर होते. इंजिनाची टाकी कधी कोरडी ठेवायची नाही, हा त्यांचा नियम घरात इतका मुरला होता, की उन्हाळा सरला तरी कूलरची टाकीसुद्धा कुणी रिकामी करत नसे. बंब्याला तो पाठच करवला होता. ऋजुला खिडकीकडे वळली, की तो इमानाने टाकीत पाण्याचा तांब्या रिता करत होता.

तिने कपाळावर हात मारला. पण पाण्याने बिघडतं काय?

आजोबांनी उलटाच प्रश्न केला. डाळ उकळायला लागल्यावर आई गॅस बारीक का करते?

ऋजुला येरझाऱ्या घालत मोठ्याने विचार करू लागली. पाण्याचा उत्कलनबिंदू (द्रव उकळू लागतो ते तापमान) शंभर अंश. आच वाढवली, तरी उघड्या भांड्यातलं पाणी त्याहून तापत नाही. जास्तीची उष्णता त्याची वाफ करण्यातच खर्च होते. पाणी फक्त लवकर आटतं. आणि टाकीचा पत्रा त्या पाण्याला चिकटलेला, म्हणजे त्याची उष्णताही पाणी ओढून घेणार. सोल्डरचा द्रवणांक (घन पदार्थ वितळू लागतो ते तापमान) मात्र सव्वादोनशेच्या आसपास!

"म्हणजे मी सकाळपासून टाकी जोडत नव्हते," ती म्हणाली, "पाणी उकळत होते."

"उत्तम उकळलंस," आजोबा म्हणाले.

मग तिने टाकी उलटी केली, आतून कोरडी केली, सांधा पॉलिश पेपरने घासला, त्यावर फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणारा लेप) लावला. यावेळी ज्योत लहानच ठेवली. गोळी चमकली, वितळली आणि पाझरत फटीत शिरली.

बाहेर हॉर्न वाजला. तरी सांधा निवेपर्यंत ऋजुलाने टाकीला हात लावला नाही. आजोबांनी दारात जाऊन ड्रायव्हरला चहा पाजला. मग तिने पाणी भरलं. एक थेंबही गळला नाही. खाली ज्योत लावली, वाफ धरली आणि इंजिन फुसफुसत रुळांवरून निघालं, टेबलाला वळसा घालून थेट आजोबांच्या बॅगेपर्यंत आलं.

"चंद्रावर टाकी गळली तर आधी रिकामी करा हं," तिने बजावलं.

"आणि तरीही नाही जमलं, तर तुला बोलावतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

गाडी गेल्यावर बंब्याने हळूच विचारलं, "ताई, जुना नियम पुसून टाकू?"

ऋजुलाने मान हलवली. "नको. पुढे एवढंच जोड. धावताना भरलेली, जोडताना कोरडी."