मुळासकट अळंबी

माझ्या बायकोला, उषाला, पाचवा महिना लागला आणि डोहाळे लागले ते वारुळावरच्या अळंबीचे! आठ दिवस तिच्या पोटात भाकर ठरत नव्हती. म्हणून भादव्यातल्या एका सकाळी आम्ही तिघं अंबडमागच्या डोंगरात निघालो. मी, माझी झुंबरआत्या आणि शेजारचा मेंढपाळ रखमाजी.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, सहज उतरलो. वर जुन्या मेंढवाड्याच्या जागी पाहतो तर गवतात पांढऱ्याशुभ्र छत्र्याच छत्र्या!

"मेंढरं खातेत, मंग माणसाला काय होतंय? जल्दी भर!" रखमाजी म्हणाला. मेंढरांवर त्याचा देवाइतका विश्वास. मी पाटी भरलीसुद्धा. धापा टाकत मागून आलेल्या आत्यानं एक छत्री उलटी केली. खालून हिरवट झाक, देठाला कडं, बुडाला नुसती गाठ.

"कचरू, ही लेंड्यांच्या खतावरची, विषारी हाय. खरी वारुळातून येती, तिला हातभर मूळ असतंय. पोटुशीला हे खाऊ घालून राह्यलास का?"

मी पाटी उपडी केली. जीव चुटपुटला, खोटं कशाला बोलू!

वारूळ सापडलं तेव्हा दुपार कलली होती. राखाडी, टोकदार टोप्या! आत्या काडीनं माती उकरत एक मूळ हळूहळू मोकळं करत बसली. इतक्यात डोंगरमाथ्यावर आभाळ गडगडलं. ओढा फुगणार! मी कटाकट देठ मोडले, पाटी भरली आणि पळालो. पाणी कमरेला लागलं. पाय सटकला! रखमाजीच्या एका हाताला आत्या होती, दुसऱ्यानं त्यानं माझं मनगट धरलं आणि आम्ही तिघं पाटीसकट कसेबसे काठाला लागलो.

तिथं त्यानं खुशीत घोंगडी सोडली. "घे, माझ्या बी!" मेंढवाड्यातली कोवळी बोंडं त्यानं लपवून आणली होती. ती सगळी माझ्या पाटीत!

आत्यानं चार-दोन उलटून पाहिली. चिखलपाण्यानं सगळ्या सारख्याच मातकट दिसत होत्या, कोवळ्यांना खालून रंग आलेला नव्हता आणि माझ्यांची मुळं वारुळातच राहिली होती.

"आता मला बी बराबर वळखू येत न्हाई," ती म्हणाली.

रखमाजीचं तोंड एवढंसं झालं. त्याला काय बोलणार? देठ मीच मोडले होते. मी पाटी ओढ्यात रिकामी केली. आत्याच्या पदरात तेवढी एक होती, लांब मुळासकट.

घरी उषानं ती फोडणीला टाकली आणि ताटली माझ्यापुढं सरकवली.

"आधी तुम्ही खा."

मी बेधडक घास घेतला. ओढ्यात गेलेली पाटी असती तर हात उचलला असता का? मग उरलेली तिनं संपवली, बोटं चाटली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा भाकर मागितली.