उजनीच्या पाण्यावरचा पाऊस

पायलला छत्र्या, डबकी, भिजलेले रस्ते यांचे फोटो नको होते. तिला खुद्द पाऊस टिपायचा होता. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या घराच्या गच्चीवरून तिनं पुष्कळदा प्रयत्न केला होता. दर वेळी पांढुरक्या आभाळापुढं सरी गायब! मग तिच्या ध्यानात आलं, की सरींच्या मागं काहीतरी गडद हवं आणि उजेड त्यांच्या पाठीवर पडायला हवा. तशी जागा उजनीच्या जलाशयात होती. बाभळींनी भरलेलं एक बेट. ढगांखालून मावळतीचं ऊन आलं, की त्या काळ्या झाडीपुढची धार न् धार उजळणार होती.

म्हणून सप्टेंबरातल्या एका दुपारी ती आणि तिचा भाऊ अजिंक्य केम स्टेशनवर उतरले, जीपनं पाण्याकाठी पोचले आणि मासेमारी करणाऱ्या शिवबाईच्या होडीत बसले.

"वारं सुटलं की म्या माघारी वळणार," शिवबाईनं आधीच बजावलं.

"चालेल, मावशी," पायल म्हणाली.

बेट जवळ आलं आणि पाऊस कोसळू लागला. पायलनं कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, फक्त भिंग उघडं ठेवलं. अजिंक्यनं वर छत्री धरली. आधी तिनं शटर सावकाश ठेवलं. त्यानं थेंबांचे लांब दोरे दिसतात. पण होडी डुलत होती, फोटोत बेटसुद्धा फरफटलं! तिनं शटर एकदम जलद केलं. आता थेंब हवेत थबकले, पण फोटो अंधारला. ऊन हवं होतं.

आणि वारं सुटलं! छत्रीत भरलं. होडी कलंडली.

"सोड ती छत्री!" शिवबाई ओरडली.

छत्री उडाली. लाट आत आली, पाणी उपसायचा डबा घेऊन गेली.

"ती पेटी रिकामी कर, पोरी! तिनं उपस!"

पेटीत पायलच्या लेन्स होत्या. तेवढ्यात पश्चिमेला ढग फाटला आणि सगळा पाऊस झळाळला. ज्याच्यासाठी ती आली होती, ते समोर होतं! तिनं एकदाच पाहिलं. मग कॅमेरा जॅकेटात कोंबला, लेन्स होडीच्या तळाशी ओतल्या. उपस, फेक. उपस, फेक! अजिंक्य ओंजळीनं उपसत होता. शिवबाई वल्ही मारत होती. ऊन कधी विझलं, कुणी पाहिलं नाही.

होडी बाभळीवर आदळली. शिवबाईनं फांदी पकडली, दोर बांधला. वारा पडला; पाऊस मात्र तसाच होता. पायलनं जॅकेटातून कॅमेरा काढला. तो चालू झाला!

"अजू, मोबाइलचा टॉर्च लाव. मावशींच्या पाठीमागून, माझ्याकडं."

काळ्या झाडीपुढं शिवबाईच्या भोवतीचा थेंब न् थेंब पेटला. पायलनं बटण दाबलं.

शिवबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पडद्यावर वाकून पाहिलं.

"पाऊस दिसतोय की! पन माजं डोळं मिटल्यात."

"पाणी गेलं असेल, मावशी."

"मंग परत काढ. आन् तुज्या भावाला सांग, उजेड नीट धर म्हणावं."

काच पुसायला कोरडं काहीच उरलं नव्हतं. पायलनं भिंगावर जोरात फुंकर मारली आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.