कडेला पडलेले ठिपके

सन २०५८. आंबोलीच्या पठारावरच्या प्रयोगशाळेत विनयाआत्या कपाळाला हात लावून बसली होती.

"शोधक (कण आदळला की ठिपका दाखवणारी तबकडी) बिघडला, ऋजुता. हायड्रोजनच्या रेणूंवर लेसरचा झोत सोडला की ठिपके मध्याजवळ यायला हवेत. हे बघ, सगळे पार कडेला! आता उतरवायचा म्हणजे तीन महिने गेले."

टिपण नावाचा तिचा यंत्रमानव पाना घेऊन पुढे सरसावला.

"थांब ना जरा!" सातवीतली ऋजुता म्हणाली. "एका झोताचे ठिपके किती?"

"बहुतेक वेळा दोन," टिपण म्हणाला.

ऋजुताने पडद्यावर पट्टी ठेवून एकाच झोताचे दोन ठिपके जोडले. मग दुसऱ्या झोताचे, तिसऱ्याचे.

"आत्या, प्रत्येक रेघ बरोबर मध्यातून जातेय! बिघडलेलं यंत्र इतक्या शिस्तीत चुकेल?"

आत्या ताडकन उठली. "अगं, खरंच की! हायड्रोजनच्या रेणूत दोन प्रोटॉन (धन भाराचे कण) असतात. त्यांना बांधून ठेवतात दोन इलेक्ट्रॉन (ऋण भाराचे कण). मला वाटत होतं, झोत एकच इलेक्ट्रॉन उपटतो. मग बंध सैल होतो, तुकडे हळूच सुटतात आणि मध्याजवळ पडतात. पण दोन्ही गेले तर?"

ऋजुताने दोन मुठी एकमेकींना टेकवल्या. "तर उरले दोन धन. ते एकमेकांना ढकलणार... जोरात, विरुद्ध दिशांना! म्हणजे लेसर फक्त इलेक्ट्रॉन काढतो. रेणू फोडतात ते प्रोटॉनच!"

"तेही किती झटपट! सेकंदाचे कोटी भाग कर, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी. अशा काही तुकड्यांत खेळ खलास. दोन्ही इलेक्ट्रॉन उपटले, म्हणजे झोत माझ्या अंदाजापेक्षा तीव्र आहे. टिपण, जरा मंद कर बघू."

टिपणने झोत मंद केला. तिघेही श्वास रोखून पाहत राहिले. निदान दोघी तरी. नवे ठिपके मध्याजवळ उमटू लागले. आत्याने ऋजुताला उचलून गिरकीच घेतली.

"आत्या, पाण्याच्या रेणूत तर तीन अणू. त्याचे तुकडे कुठे जातील?"

"तुकड्यांच्या दिशांवरून मूळ रेणूचा आकार ओळखता येतो. पाण्याचा रेणू मधे वाकलेला असतो. आता तूच अंदाज कर."

ऋजुताने कागद ओढला, तीन बाण काढले, एक खोडून पुन्हा काढला.

"बरोबर आहे का?"

"मी नाही सांगणार," आत्या म्हणाली आणि पाण्याच्या वाफेची नळी यंत्राला जोडायला निघाली.