एकवीस दोनदा

जनावरांच्या डॉक्टरची गाडी तिच्या गॅरेजच्या दारात आली ती निव्वळ योगायोगाने. त्याचं नेहमीचं गॅरेज त्या दिवशी बंद होतं, आणि टायमिंग बेल्ट बदलायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. तिने तो बदलून दिला. काम एवढंच. पण चौथ्याच दिवशी तीच पांढरी गाडी धापा टाकत परत आली, आणि तिच्यातल्या मेकॅनिकच्या मनात पाल चुकचुकली.

"बहुतेक रुसलीय," डॉक्टर खिडकीतून म्हणाला.

"गाड्या रुसत नाहीत. माणसं रुसतात. काय होतंय ते सांगा."

"उभी असली की थरथरते. चढावर दम लागतो. सकाळी उठवायला चार-चार हाका माराव्या लागतात."

"मग नाडी तुम्हीच बघायची होतीत!"

तो हसला. त्याचं हसणं फार वाईट होतं – म्हणजे तिच्या कामाच्या दृष्टीने.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाबांनी गेल्या वर्षी गॅरेज तिच्या हाती दिलं होतं. तेव्हापासून इथून गेलेली एकही गाडी रडत परत आली नव्हती. त्यामुळे ती आधी भलतीकडेच शोधत राहिली. प्लग काढले – स्वच्छ. हवेच्या नळ्या पाहिल्या – धड. घोडं कुठं पेंड खातंय हे तिला मनातून ठाऊक होतं, पण तिथे हात घालायचा म्हणजे आपलंच काम उघडं पाडायचं.

शेवटी तिने बेल्टवरचं झाकण काढलं. पान्याने इंजिन हळूहळू फिरवून बेल्टच्या खालच्या दातेरी चाकाची खूण जुळवली, आणि वर पाहिलं. वरच्या चाकाची खूण... एक दात पुढे!

आणि तिला सगळं आठवलं. बाबांची पद्धत अशी, की जुन्या बेल्टवर दोन पांढऱ्या खुणा करायच्या, मधले दात मोठ्याने मोजायचे आणि नव्या बेल्टवर तितकेच मोजून तशाच खुणा करायच्या. त्या दिवशी ती नवा बेल्ट मोजत असतानाच डॉक्टरचा फोन वाजला. कुणाची तरी गाय अडली होती. "घाबरू नका... तिच्या पाठीवरून हात फिरवत राहा. मी आलोच," तो म्हणाला, इतक्या मायेने की तिने मान वर केली आणि बघतच राहिली. मग गाईसाठी सगळी घाई. बेल्ट बसवल्यावर इंजिन हाताने दोनदा फिरवून खुणा तपासायच्या, हा बाबांचा नियमही त्या घाईत राहून गेला.

आता "प्लग खराब होते" म्हटलं असतं तरी खपलं असतं. खरं सांगितलं, तर हा उद्यापासून दुसरं गॅरेज धरणार. आणि त्याने यावं असं तिला किती वाटत होतं, ते गेले चार दिवस प्रत्येक पांढऱ्या गाडीमागे मान वळवताना तिला कळून चुकलं होतं.

तिने हात पुसले.

"डॉक्टर, चूक माझी आहे. दात मोजताना एक चुकला."

तो कानापर्यंत लाल झाला.

"ठाऊक आहे... तुम्ही एकवीस दोनदा म्हणालात."

"ऐकलं होतंत? मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"फोनवर होतो... नाही, ती नुसती सबब झाली." त्याने मान खाली घातली. "वाटलं, थोडंसं बिघडलं तर परत यायला निमित्त मिळेल."

"थोडंसं? एका दातावर निभावलं! आणखी सरकला असता तर आतले व्हॉल्व्ह वाकले असते, आणि तुम्ही घाटात अडकला असतात!"

"इतकं असतं हे माहीत नव्हतं हो. चुकलो." मग अगदी हळू – "पण तुमचं लक्ष कशाने गेलं?"

तिने पाना उचलून पुसला. म्हणाली, "गाय कशी आहे?"

"कालवड झाली. दोघी मजेत."

तिला इतका आनंद झाला की राग कुठल्या कुठे गेला. "या इकडे. बाह्या सरसावा. मोजा तुम्ही, मी खुणा करते. बेचाळीस हवेत."

दोघांची डोकी बेल्टवर झुकली. "एकोणीस... वीस... एकवीस..." तो थांबला. तिच्या नाकावरच्या ग्रीसच्या ठिपक्याकडे पाहत राहिला.

"बावीस," ती म्हणाली. "माझंही असंच झालं होतं, डॉक्टर. तुम्हाला बघूनच."

पुढचे वीस दात मोजायला बराच वेळ लागला. बेल्ट बसला. या वेळी तिने इंजिन हाताने दोनदा फिरवलं, दोन्ही खुणा नेमक्या समोर आल्या. चावी फिरवताच गाडी पहिल्या हाकेला उठली, आणि बॉनेटवर ठेवलेला पाण्याचा पेला हललासुद्धा नाही.

डॉक्टरचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे आता... काहीच बिघाड नाही?"

"काहीच नाही."

"मग उद्या काय सांगून येऊ?"

आतून बाबा खाकरले. "पोरी, त्याला सांग, आणखी एक गाडी बिघडवू नकोस म्हणावं! नुसताच ये."

ती खुदकन हसली. बॉनेट बंद करून तिने चावी त्याच्या तळहातावर ठेवली... आणि बोटं लगेच काढून घेतली नाहीत.

"उद्या सहाला गॅरेज बंद होतं," ती म्हणाली. "गाडी घरी ठेवा. चालत या."